मगभर पाणी

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला मेतोदी रुपचेव एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात भाड्याने आणलेले स्कीचे बूट घेऊन घराबाहेर पडला, आणि त्याच्या पायांपुढे पाणी सांडलं. सांडलं म्हणणं खरं तर चूक. ओतलं गेलं. त्याची बायको रायना रात्रीच्या गाउनवर स्वेटर चढवून दारात उभी होती. हातात निळा मग होता. तिने हात लांब केला, मग शांतपणे उलटा केला. जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या ओल्या झाल्या, एक ओघळ तिसरीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. "जा," ती म्हणाली, आणि त्याने वळून बघायच्या आत दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. मेतोदी त्या पाण्याकडे बघत उभा राहिला. मग पाणी चुकवून उतरावं की त्यातूनच जावं याचा विचार करू लागला. त्यातूनच जायचं असतं. नाहीतर उपयोग नाही. तो त्यातूनच गेला, आणि खालच्या मजल्यापर्यंत त्याच्या उजव्या पायाचा ओला ठसा त्याच्याबरोबर आला.

तसं यात विशेष काही नव्हतं. सोफियातल्या कुठल्याही जिन्यावर परीक्षेच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला पाय जपून टाकावे लागतात. घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं की त्याच्या पायांपुढे पाणी ओततात, काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. ओतणाऱ्याही ठरलेल्या असतात: आया, आज्या, मावश्या. रायना त्यांतली नव्हती. रायना शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनीयर होती आणि नळांतून गळून जमिनीत जिरणारं पाणी मोजणं हे तिचं काम होतं. दरवर्षी एवढ्या दशलक्ष घनमीटरांचा हिशेब लागत नाही, हे ती जेवताना सांगे, आणि सांगताना मेतोदीकडे असं बघे की जणू त्यातलं थोडं त्याने प्यायलं असावं. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने कुणाच्याही पायांपुढे थेंब टाकला नव्हता. मेतोदीचं पित्ताशय काढलं तेव्हाही नाही. त्याच्या आईने दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्लास्टिकची बाटली उपडी केली होती, तेव्हा रायना बाजूला उभी राहून म्हणाली होती, "सासूबाई, इथे लोक कुबड्या घेऊन चालतात."

मग आज का?

कंपनीची बस शहर सोडून दक्षिणेकडे लागली तरी हा प्रश्न त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पट्टा बांधून बसलेला होता. मेतोदी विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करायचा. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. लोक पडतात, मोडतात, जळतात, बुडतात, आणि मग कंपनीला पत्र लिहितात. खरंच पडले का, आणि पडले तर कंपनीला सोयीचं होईल अशा जागी का नाही पडले, हे मेतोदी जाऊन बघून येतो. कारणाशिवाय माणूस हात हलवत नाही, हे त्याचं तत्त्व होतं. ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्याच्या खांद्यांना ते माहीत होतं. बस पहिल्या बोगद्यात शिरली तेव्हा त्याने मनातल्या मनात यादी केली. पाणी केव्हा ओततात: सैन्यात जाताना, परीक्षेला, शस्त्रक्रियेला, कोर्टात, परदेशी कायमचं जाताना. कंपनीच्या खर्चाने तीन दिवस स्की करायला निघालेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसासाठी ओततात असं एकही उदाहरण त्याला आठवेना. तो सैन्यात निघाला तेव्हा आईने तांब्याची अख्खी घागर ओतली होती. शेजारणीच्या दारात पाणी गेलं म्हणून दोघी वर्षभर बोलत नव्हत्या, आणि तो दोन वर्षं एका गोदामात बटाटे मोजून सुखरूप परत आला. वडिलांना दवाखान्यात नेताना आईने ओतलं. ते चौथ्या दिवशी ठणठणीत परत आले आणि दोन वर्षांनी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कुठेच निघाले नव्हते, त्यामुळे ओतायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ओतणाऱ्याला काहीतरी माहीत असतं. निदान समोरचा कुठे चाललाय एवढं तरी. मेतोदी कुठे चाललाय हे रायनाला माहीत होतं, आणि मेतोदीला माहीत नव्हतं. शंका ही एवढीच होती, पण बसमध्ये तिला पाय पसरायला भरपूर जागा होती.

"काय रे, तोंड का असं?" पुढच्या सीटवरून झाप्रियानने मान वळवली. झाप्रियान दुसरा तपासनीस. जाडजूड, लालबुंद, आणि कुठल्याही दावेदाराच्या स्वयंपाकघरात शिरून जेवून येणारा. हातात तेलकट कागद, कागदात बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी. "घे एक तुकडा. मिल्काने केलीय. पापं धुऊन निघतात."

"भूक नाही."

"भूक नसलेला माणूस आणि न पडलेला दावेदार, दोघांवर माझा विश्वास नाही." त्याने अर्धी बनित्सा तोंडात कोंबली. "बायकोने उपाशी धाडलं की काय?"

बायकोने, हा शब्द मेतोदीने जरा बाजूला काढून ठेवला. झाप्रियानने रायनाचा विषय का काढावा? कचेरीत महिनाभर कुजबुज होती: शहानिशा विभागात दोन टेबलं आहेत, वसंतापर्यंत एकच राहणार. कुठलं, ते रविवारी वर डोंगरात सांगणार. झाप्रियानची मिल्का आणि रायना एकाच तलावावर पोहायला जातात. मिल्काने झाप्रियानकडून ऐकलं असेल, रायनाने मिल्काकडून, आणि ज्याचं टेबल उचललं जाणार आहे त्याला सांगायचं कसं म्हणून मगभर पाणी. साखळी स्वच्छ होती. अशा साखळीवर मेतोदीने आयुष्यात चाळीस तरी दावे नामंजूर केले होते. त्याला जरा बरं वाटलं. नोकरी जाणार हे वाईट होतं, पण निदान कारण सापडलं होतं.

हॉटेल पाइनच्या झाडांत होतं, उतार समोर, आणि उतारावर माणसं वरून खाली येत होती, पुन्हा वर जायला. कंपनी या सहलीला 'कामकाजी हिवाळी सुट्टी' म्हणत असे. म्हणजे सकाळी नऊ ते बारा तळघरातल्या सभागृहात काम, बारानंतर बर्फात सुट्टी, आणि दोन्हींत फरक एवढाच की सभागृहात पडायला जागा नव्हती. संचालक ओग्न्यान बाकालोव अडतीस वर्षांचा, सडपातळ, दाढी कोरलेली. त्याने पडद्यावर 'विश्वास: एक प्रक्रिया' असं लिहून आणलं होतं. विश्वासाचे पाच टप्पे होते. चौथ्या टप्प्यावर त्याने थांबून हसत मेतोदीकडे बोट केलं. "आपल्यात एक माणूस असा आहे, की एक प्रश्न विचारतो आणि प्रकरण मिटतं. रुपचेव, दोचकाआजींची गोष्ट मी सांगू, की तुम्ही?"

"तुम्हीच सांगा," मेतोदी म्हणाला. तो स्वतः ती गोष्ट सांगत नसे.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या एका गावातली. जावई स्की करायला निघाला, सासूने, म्हणजे दोचकाआजींनी, दारात त्याच्या पायांपुढे पाणी ओतलं. बाहेर उणे चौदा. जावई फाटकापर्यंत गेला, हातमोजे विसरले म्हणून परत वळला, आणि तेवढ्यात पाण्याचा आरसा झालेला. खुब्याचं हाड मोडलं. दावा स्कीच्या विम्याखाली आला. इथपर्यंत सभागृह हसत होतं. मग बाकालोव म्हणाला, "आणि आपला रुपचेव आजींना विचारतो, जावयाशी तुमचं जमतं का?" सभागृह आणखी हसलं. "आठवड्यात दावा मागे. एक शब्दही लिहावा लागला नाही." टाळ्या वाजल्या. मेतोदीही हसला, कारण सगळ्यांचं तोंड त्याच्याकडे होतं. पण जे सांगितलं गेलं नाही ते त्याला दिसत होतं. त्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, दोचकाआजी त्याच्यापुढे दह्याची वाटी ठेवत होत्या, आणि प्रश्न ऐकल्यावर वाटी तशीच हातात राहिली. आजींकडे उत्तर नव्हतं असं नाही. तो प्रश्न असू शकतो हेच त्यांना तोवर माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत जावई प्लास्टरमध्ये पडून होता आणि त्याने छताकडून नजर काढून सासूकडे वळवली. नव्याने. एखाद्या ओळखीच्या वस्तूची किंमत कळल्यावर माणूस बघतो तसा. नंतर फोन आला तो मुलीचा: दावा नको, आम्ही प्लोवदिवला राहायला चाललोय, आईचा नंबर कृपया यादीतून काढा. मेतोदीने नंबर काढला होता. दही मात्र त्याने खाल्लं होतं, पूर्ण वाटी, कारण टाकणं बरं दिसलं नसतं.

दुपारी सेवदा नावाच्या तरुण प्रशिक्षिकेने त्याला लहान मुलांच्या उतारावर उभं केलं. आजूबाजूला चार वर्षांची पोरं त्याच्या कमरेखालून सुळकन जात होती. बर्फ कोरडा होता, पायाखाली पिठासारखा करकरत होता, आणि मांड्या त्याच्या परवानगीशिवाय थरथरत होत्या.

"काका, खाली बघू नका," सेवदा म्हणाली.

"मग कुठे बघू?"

"जिथे जायचंय तिथे."

"ते खालीच आहे."

"मग तिकडे बघा, पण घाबरून नको. बघण्याबघण्यात फरक असतो." ती मागे मागे सरकत होती, हात पुढे करून, बाळाला चालायला शिकवतात तशी. "वजन पुढे टाका. मागे रेललात की पाय निघून जातात. तुम्ही सारखे मागे का रेलता?"

तो मागे रेलत होता कारण समोरचा माणूस काय करतोय हे मागे रेलल्याशिवाय नीट दिसत नाही. ही त्याची कामाची सवय होती. उतारावर तो स्वतः कमी आणि दुसरे जास्त पडताना बघत होता. हिरव्या टोपीवाली बाई मनगटावर पडली, हा दावा अस्सल. तो उंच पोरगा पडायच्या आधी मित्राकडे बघत होता, हा संशयास्पद. मग तो स्वतः पडला. पडताना क्षणभर आभाळ, पाइनची टोकं आणि सेवदाचा लाल हातमोजा असं सगळं एकदम फिरलं, आणि त्या फिरण्यात डोकं कधी नव्हे इतकं मोकळं होतं, आणि मोकळ्या डोक्यात आलेला पहिला विचार हा होता, की रायनाने कडी लावली होती. तो घरात नसताना रायना कधीच कडी लावत नसे. नुसतं दार ओढून घ्यायची. कुणाला बाहेर ठेवायचं होतं? की आत, कुणाला?

आडवं पडलेलं असतानाच त्याने ठरवलं, आणि शनिवारी दुपारी, स्कीची भाड्याची वेळ संपायच्या आत, जेवणघराच्या मागच्या गॅलरीत उभं राहून त्याने कीनाबाईंना फोन लावला. कीना पेत्कोवा तळमजल्यावर राहत, निवृत्त शिक्षिका, इमारतीची व्यवस्था त्यांच्याकडे. येणारं जाणारं सगळं त्यांच्या खिडकीसमोरून जाई आणि बरंचसं डोक्यात राही. त्याने रेडिएटरचं निमित्त केलं. वर गरम कमी होतंय का, रायना तक्रार करत होती.

"माझ्याकडे तर काही बोलली नाही," कीनाबाई म्हणाल्या. "कालच तर गेली बॅग घेऊन, अकराच्या सुमाराला."

"मोठी बॅग?"

"मोठीच. दोन्ही हातांनी धरलेली. आली मग तासाभरात, रिकाम्या हातांनी. आणि आज सकाळी तो माणूस आला होता ना."

"कुठला माणूस?"

"मला काय माहीत, तुमच्याकडेच आला होता. मेतोदी, तुला रेडिएटरचं विचारायचं होतं ना?"

"हो."

"मग तेच विचार की बाबा."

त्याने आभार मानले. समोर लिफ्टच्या खुर्च्या एकामागून एक वर चालल्या होत्या, काही माणसांसकट, काही रिकाम्या, सगळ्या सारख्याच गंभीरपणे. त्याने नवी साखळी जोडायला घेतली. नोकरीचं रायनाला आधी कळलं. नोकरी गेलेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं का, हा विचार तिने केला असणार. शांतपणे केला असणार, ती सगळं शांतपणे मोजते. बॅगेतून पहिली खेप गेली. पाणी हा निरोप होता, कायमच्या परदेशी जाणाऱ्याला देतात तसा. फक्त इथे जाणारा आपण होतो की ती, एवढंच अजून ठरवायचं होतं. आश्चर्य म्हणजे हे सगळं जोडताना त्याला दुःख होत नव्हतं. हात सवयीने चालत होते. दुःख कुठेतरी बाहेरच्या खोलीत नंबर लागायची वाट बघत बसलं होतं.

संध्याकाळी जेवणापूर्वी दोघांच्या खोलीत झाप्रियान पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसला होता. मेतोदी त्याच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसला आणि विचारलं, "मिल्का रायनाला शेवटचं कधी भेटली?"

"का?"

"असंच."

"तू असंच काही विचारत नाहीस, हरामखोरा. मी तुझ्याशेजारी एकोणीस वर्षं बसतोय." झाप्रियानने टबातला एक पाय वर काढून न्याहाळला. "ऑक्टोबरपासून तोंड बघत नाहीत एकमेकींचं. तलावावर एका लॉकरवरून वाजलं. आमच्या बाईने तुझ्या बाईला काय म्हटलं ते मी इथे सांगू शकत नाही, पाणी गरम आहे. आता तूच विचारलंस म्हणून सांगतो, उद्या बाकालोव सांगेलच. मी चाललोय. मेहुण्याच्या नर्सरीत, गुलाब. जानेवारीतच लिहून दिलं. टेबल तुझंच आहे, आणि विभागही. मुख्य होणार तू."

"जानेवारीत?"

"जानेवारीत. म्हणून तर तुला बनित्सा देत होतो, गाढवा. जाणाऱ्याकडून काहीतरी खावं माणसाने."

मेतोदीने त्याचं अभिनंदन केलं. झाप्रियानने ओल्या हाताने त्याचा हात दाबला आणि तो हात बराच वेळ ओला राहिला. नोकरी जाणार नव्हती. नोकरीवर उभी केलेली अख्खी साखळी कोसळायला हवी होती. पण त्याने तपासून बघितलं तर बाकीच्या कड्या हवेत तशाच लोंबत होत्या: पाणी, कडी, बॅग, माणूस. आता तर त्यांना वाहून नेणारं कारणही उरलं नव्हतं. नोकरीमुळे जाणारी बायको समजू शकते. काही कारण नसताना जाणारी बायको म्हणजे तूच कारण. जेवणघरात राजमा होता, रकियाची दारू होती, बाकालोवने पेला वर केला, सगळ्यांनी केला. मेतोदीने पेला तोंडाला लावला आणि त्याच्या लक्षात आलं की तो काचेतून शेजारच्या टेबलावरच्या नवराबायकोला बघतोय. कोण कुणाच्या ताटात काय वाढतं, आणि का.

रविवारी बारा वाजता सभागृहात टाळ्यांच्या गजरात तो विभागप्रमुख झाला. विश्वासाचा पाचवा टप्पा त्याच्यावरच संपला. बस दोनला निघणार होती. तो खोलीत आला, पलंगावर बसला. खिडकीतून ऊन येत होतं, बर्फावरून उसळून छतावर हलत होतं. त्याने रायनाला फोन लावला.

"बोल," ती म्हणाली.

"मीच राहिलो. मुख्य केलं मला."

"छान झालं. कीना येऊन गेली."

मेतोदीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेडिएटर तपासायला. प्रत्येक खोलीत गेली, हात लावून बघितला, आणि म्हणाली, गरम आहे, तुझ्या नवऱ्याला कळव. म्हणून कळवते. गरम आहे."

त्याला वाटलं इथेच थांबावं. हसून न्यावं. पण फोनमध्ये ती वाट बघत होती, आणि ती वाट बघतेय म्हणजे तिलाही विचारलेलं हवंय, असं त्याने स्वतःला पटवलं. "रायना, तू पाणी का ओतलंस?"

त्याने फोन कानावरून काढून बघितला, चालू आहे का.

"महिनाभर तू झोपेत दात खातोयस," ती म्हणाली. "मी उठून बसते आणि ऐकते. डॉक्टरकडे न्यावं असं काही नाही, आणि बोलावं असं तू काही बाहेर ठेवत नाहीस. त्या दिवशी तू ते बूट घेऊन दारात उभा होतास, एक नंबर मोठे, आणि चेहरा असा की वर्गाबाहेर उभं केलेलं पोर. मला वाटलं, मी याचं काय करू. हातात तो मग होता. ओतलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर मी या गोष्टींना हसत आले, तुझ्या आईलासुद्धा. तू वळून बघशील आणि काहीतरी बोलशील म्हणून दार लावलं, कडीसुद्धा लावली. एवढंच."

रायना एका दमात इतकं कधी बोलली होती ते त्याला आठवेना. छतावरचं ऊन हललं. त्याने म्हणायला हवं होतं, पाचपर्यंत पोचतो. म्हणायला हवं होतं, मी त्यातूनच चालत गेलो. शब्द तयार होते, ओळीत उभे होते. पण पहिला मुद्दा निकाली निघाला की जीभ आपोआप दुसऱ्या मुद्द्याकडे वळते, तशी ती वळली, आणि त्याने स्वतःचा आवाज ऐकला, सौम्य, घाई नसलेला, दह्याची वाटी समोर असताना असे तसा:

"आणि शनिवारी आलेला माणूस कोण होता?"

पलीकडे काही मोडलं नाही, आपटलं नाही. फक्त रायनाचा आवाज बदलला. हा आवाज त्याने तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षं सगळे लोक त्याच्याशी याच आवाजात बोलत आले होते.

"नाव त्रिफोन. आडनाव विचारलं नाही. काचेचं काम करतो. दहा वीसला आला, अकराला गेला. झोपायच्या खोलीची खिडकी मोजली. तुझ्या बाजूने वारा येतो, म्हणून नवीन काच. कॉफी दिली, साखर दोन चमचे. शुक्रवारच्या बॅगेत पडदे होते, धुवायला दिले. पावती स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्याखाली."

"रायना, ऐक."

"थांब, घाई करू नकोस. झालं लिहून?"

"मी लिहीत नाहीये," तो म्हणाला, आणि खाली बघितलं. मांडीवर हॉटेलची वही होती, हातात पेन्सिल होती. कागदावर त्याच्या नेटक्या अक्षरात होतं: त्रिफोन. काच. १०.२० ते ११. साखर दोन. पडदे. पावती, ब्रेडचा डबा. आणि त्याखाली, नेहमीच्या जागी, त्याने एक सरळ रेघ ओढून ठेवली होती.

"सही कुठे करू?" रायनाने विचारलं.